साडेदहाची सुई

मेंढरांना सुई टोचायची सवय आहे मला,
म्हणून मार्यून माझ्याकडे आली.
तिचा हात स्वतःच्या पोटाशी जाऊन थरथरे.
हॉग्नी बोटीवर, ग्रीनलंडच्या बाजूला कुठेतरी;
त्याचा वाटा त्यानं आधीच देऊन ठेवलेला,
कोपनहेगनच्या एका टाकीत, गोठवून.
गोठवण्यातलं मला कळतं, तो म्हणाला होता,
आणि मान फिरवली होती.

रोज रात्री आठला
ती माझ्या स्वयंपाकघरात स्वेटर वर करून उभी राही.
दाराशी चिखलाच्या बुटांचा ढीग,
आत माझी तीन पोरं, टीव्हीवरून भांडत.
तीन. मागितली नव्हती एवढी.
हे मी कधी बोलले नाही, तिनंही नाही.
चिमटीत कातडी धरायची, दहापर्यंत मोजायचं.
"मेंढीपेक्षा कमी हललीस," मी म्हणे.
ती हसे. पोटावर नवा निळा डाग.

मला वाटायचं नळी असेल. सगळे नळीच म्हणतात.
तिनं बिलाच्या पाठीवर काढून दाखवलं:
नळी नाही गं, बशी. उथळ, झाकणाची.
दर महिन्याला एकच बीज पुढे येतं,
बाकीची मागे राहून विरतात;
ही औषधं त्या मागे राहिलेल्यांना हाक मारतात.
मग ती सुईनं उचलायची, बशीत ठेवायची,
त्याचा वाटा शेजारी,
आणि रात्रभर कुणी काही करायचं नाही.
"एवढंच?"
"एवढंच. पुढचं ती आपली आपण करतात,
किंवा करत नाहीत."

शेवटची सुई घड्याळाची.
बुधवारी रात्री साडेदहा. दहा पस्तीस नाही.
तिथून छत्तीस तासांनी टेबलावर;
फार उशीर झाला तर बीजं आपणहून सुटतात
आणि कुणाच्याच हाती लागत नाहीत.
मी टोचली. चर्चच्या घड्याळावर नाही, ते मागे पडतं,
रेडिओच्या.

गुरुवारी धुकं उतरलं.
आधी धावपट्टी गेली, मग तळं, मग आमची गाडी.
सकाळचं विमान रद्द. दुपारचं "बघू".
जहाज धरावं तर पोचेपर्यंत शनिवार.
मार्यून खिडकीशी बसून बोटांवर तास उतरवत होती,
बावीस. एकवीस.
धुक्यात मेंढ्या शोधण्यात माझं आयुष्य गेलं,
शीळ घातली की एखादी तरी ओरडते.
त्या दिवशी कुणाला शीळ घालायची, कळेना.
सव्वासहाला डोंगराचा एक खांदा दिसला.
नुसता खांदा.
पायलटला तेवढा पुरला.

मग तिचे फोन, नुसत्या आकड्यांचे.
अकरा निघाली.
नऊ पिकलेली.
सहा फळली.
पाचव्या दिवशी तीन.
वसंतात कोकरं किती, शरदात उरली किती,
हे दरवर्षी मोजणारी मी;
पण हे उतरतं मोजणं घशाखाली जाईना.
एक आत ठेवलं, दोन गोठवली.
पडद्यावर पांढरा ठिपका दिसला म्हणाली,
धुक्यात कुणी काडी ओढावी तसा.
आत ठेवलं म्हणजे राहिलं असं नाही,
हेही तिनंच सांगितलं, नर्सच्या आवाजात.

चौदा दिवस थांबायचं होतं.
अकराव्या दिवशी रक्तानं उत्तर दिलं.

त्या रात्री आठला ती आली.
सवयीनं टेबलाजवळ उभी राहिली,
स्वेटरला हात लावला, आणि सोडला.
मी कॉफी ओतली.
कपाखाली बशी सरकवणार होते,
ती तशीच फडताळात परत ठेवली.
पोरांनी आपणहून टीव्हीचा आवाज कमी केला,
त्यांना कुणी सांगितलं, देव जाणे.

बऱ्याच वेळानं ती म्हणाली,
"दोन आहेत अजून. ऑक्टोबरमध्ये.
त्याला सुया कमी लागतात."
मग, कपातच बघत,
"तू असशील ना?"

ऑक्टोबर म्हणजे मेंढ्या खाली आणायचे दिवस,
डोंगरावर, पहाटेपासून, सगळं गाव.
"आठला असेन," मी म्हटलं.